थांब म्हणणारा हात

आबा,

माझा हात चुकला. असं लिहिलं की भाजीत मीठ जास्त पडल्यासारखं वाटतं, पण एक बाई माझ्यामुळे खुबा मोडून हॉस्पिटलात पडली आहे आणि ते मी केलं यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. तुमच्या लेकीनं पन्नाशीला टेकल्यावर सायकलचं वेड घेतलं, हे तुम्हाला ठाऊक नाही. सुरतेहून नऊजण निघालो होतो. व्यारा, वघई, मग सापुताऱ्याचा घाट चढून नाशिक आणि तिथून पुढे डोंगरातूनच, असे आठ दिवस. मी दुसऱ्याच दिवशी परत आले. आत्ता डिंडोलीच्या घरात भर दुपारी पंखा लावून लिहायला बसले आहे.

सुरतेत उधन्याच्या पॉवरलूमच्या कारखान्यात तुमचा डबा घेऊन मी पहिल्यांदा आले, तो दिवस आठवतो. सगळे लूम एकदम खडखडताहेत, मी दारात उभी राहून "आबा, आबा" ओरडते आहे आणि तुम्ही चार हातांवर पाठमोरे. घसा बसला तेव्हा कुठे तुम्ही वळलात, आणि वर चिडलात. "वरडीसन काय व्हस आठे? हात दखाड!" इथं ओरडून काही होत नाही, हातानं बोलायचं, म्हणत जेवता जेवता तुम्ही मला तिथल्या खुणा शिकवल्या. कमरेपाशी हात मागून पुढे दोनदा झटकला की 'बंद कर', लूमची मूठ ढकलतात तसा. पुढे तुमचे कान गेले आणि घरातही हाताचंच राज्य आलं. आम्ही भावंडं भांडलो की ती खूण, आई आग्रहानं आणखी भाकरी वाढायला लागली की तीच खूण.

निघायच्या सकाळी आमच्या म्होरक्यानं, तो दातांचा डॉक्टर आहे, सायकलवाल्यांच्या खुणा समजावल्या. पाठीमागे उघडा पंजा धरला की थांबा. कमरेपाशी हात मागून पुढे झटकला की पुढे जा. मला हसूच आलं. तुमचं 'बंद कर' म्हणजे यांचं 'पुढे जा'! सांगावंसं वाटलं, आबा, शपथ. पण या लोकांना मी, तुम्ही 'कापडलाईनमध्ये' होता, एवढंच सांगितलं होतं, आणि सुरतेत त्याचा अर्थ ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे घ्यायचा असतो. त्यांनी दुकान समजलं. मी समजू दिलं.

दुसऱ्या दिवशी वघई सोडल्यावर रस्ता वर जातो, खाली येतो. माझ्या मागे एक गुजराती बेन होती, माझ्याच वयाची. आदल्या मुक्कामी आम्ही एका खोलीत होतो आणि तिनं माझ्या पोटऱ्यांना तेल चोळून दिलं होतं. एका उतारावर मी वळण घेतलं तर रस्ताभर खडी सांडलेली आणि समोरून ट्रक. मी एका हातानं ब्रेक दाबला, दुसरा हात आपोआप खाली गेला. पंजा उघडलाच नाही. मागून पुढे, दोनदा. ती थांबेना, उलट वेग वाढवून माझ्या बाजूला यायला लागली, म्हणून मी आणखी जोरात तेच केलं. बंद कर, बंद कर! ती माझ्याकडे बघून हसली आणि पुढे गेली. खडीवर तिचं चाक सरकलं आणि ट्रकपासून वीतभर अंतरावर ती आपटली. ती कण्हत होती, आणि मी, आबा, रस्त्यात उभी राहून स्वतःचा हात बघत होते. तो माझा वाटतच नव्हता.

सुरतेला आणून काल तिचं ऑपरेशन झालं. बाकीचे सातजण घाट चढताहेत. म्होरक्यानं ग्रुपवर लिहिलं, खूण नसताना कोणी पुढे जाऊ नका, बघा काय होतं ते. तिचा नवरा सायकल विकून टाकणार म्हणतो. सकाळी माझ्यासमोरच, पुढे जायला कोणी सांगितलं म्हणून तिच्यावर खेकसला, "कोणे कह्युं'तुं आगळ जवानुं?" मग माझ्याकडे वळून तिनं हळूच विचारलं, "बेन, तें हाथ बताव्यो हतो ने?" मी म्हणाले, हो, मी थांबच म्हणत होते. खोटं नाही ते, आबा. तुमच्या कारखान्यात अगदी खरं आहे. तिनं डोळे मिटले. "तो मारी ज भूल," म्हणाली.

आणि मला बरं वाटलं. तिथं, तिच्या उशाशी उभं राहून, मोकळा श्वास आला मला. आपण अशा आहोत हे मला माहीत नव्हतं. हॉस्पिटल रिक्षानं वीस मिनिटांवर आहे, चार वाजता भेटायला सोडतात, आणि मी इथं बसून तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही हे तिला जाऊन सांगणार नाही.