साखर – विचारून घेणे

तीर्थरूप बाबांना,

लेकीचा साष्टांग नमस्कार आणि वकिलाचा कोरडा नमस्कार. दोन्ही वेगवेगळे समजावेत. तब्येत कशी आहे? सकाळची अर्धी गोळी घेता ना? (हे मी विचारत नाही. माझ्या अशिलाने विचारायला सांगितलंय.)

अशील म्हणजे आई. गेल्या सोमवारी ती थेट माझ्या ऑफिसात आली आणि नंबर लावून बसली. तिच्या आधी दोन नवरे आणि एक सासू होती, पण तिने रांग मोडली नाही. आत आल्यावर मला "वकीलबाई" म्हणाली आणि तुमच्यापासून वेगळं व्हायचंय म्हणून सांगितलं. बावीस वर्षं मी घटस्फोटाची कामं करतेय, मिक्सरची भांडी बायकोला आणि मोटर नवऱ्याला अशी वाटणीही शांतपणे करून दिलीय (दोघं अजून दर रविवारी भेटतात, इलाजच नाही), पण त्या दिवशी मला पेन सापडेना. पेन हातातच होतं.

माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. रडत आलेल्या माणसाची सही त्या दिवशी घ्यायची नाही, आणि आधी तीन प्रश्न विचारायचे. आई रडत नव्हती, तिथेच माझी पंचाईत झाली. काय झालं, असं विचारल्यावर तिने पर्समधून साखरेच्या डब्यावरची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. मागच्या वर्षी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कारखान्याने भांडाराच्या किल्ल्या तुमच्याकडून काढून घेतल्या आणि तुम्ही घरच्या स्वयंपाकघरात नवी नोकरी धरलीत. डब्यांवर नावं चिकटवलीत, तिने सोसलं. चमच्यांना नंबर दिलेत, तेही सोसलं. पण जे घर तिने अठ्ठेचाळीस वर्षं चालवलं, तिथे तिलाच 'साखर – विचारून घेणे'? बाबा, मलाही राग आला. अजून आहे.

दुसरा प्रश्न, काय हवंय? "माझं स्वयंपाकघर." तिसरा, काय सोडायला तयार आहेस? "सगळं. पण त्यांच्या गोळीचं कोण बघणार?" हे उत्तर मी फाइलमध्ये लिहिलेलं नाही. त्याने आमची बाजू लंगडी पडते.

तेव्हा मी पोटची पोर म्हणून नमतं घेईन, या भ्रमात राहू नका. सगळ्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने काढायच्या आणि 'चुकलो' असं तोंडाने म्हणायचं; लेखी चालणार नाही. नाही जमलं तर मी कोर्टात उभी राहीन, आणि तुम्हीच मला शिकवलंय तसं, अर्ध्यावर सोडणार नाही.

तुमचीच, पण सध्या तुमच्या विरोधात,
थोरली

ता. क. १ : काल तुम्ही भेटीची वेळ मागायला फोन केलात. विरुद्ध पक्षाला मी एकटी भेटत नाही. गुरुवारी अकराला या, आईसमोर.

ता. क. २ : येताना डॉक्टरांची फाइल आणा. आई माझ्याकडेच राहतेय आणि ती चिठ्ठी रोज चष्मा लावून बघते. मला वाटलं, पुरावा जपतेय. काल म्हणाली, "अक्षर बघ गं. हात थरथरलाय त्यांचा. आधी असा नव्हता." मी घाबरलेय, बाबा. याल ना?

ता. क. ३ : तिला घरी न्यायचा विचार असेल, तर विचारून नेणे.