भिंगारदिव्यांचा भोपळा आणि इतर मिळकत

मी, योना लक्ष्मण भिंगारदिवे, वय वर्षे चौसष्ट, धर्म ख्रिस्ती, धंदा पूर्वी टर्नर आणि हल्ली खाटेवर पडून राहणे, मूळचा नगर जिल्ह्यातला, राहणार वाशी, नवी मुंबई, सिडकोच्या घरात तळमजल्यावर, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. पूर्वी जेवढी होती तेवढीच आहे, त्यामुळे कुणी फार अपेक्षा ठेवू नये. माझ्यावर कुणाचा दाब नाही, नशापाणी नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं, म्हणून हा खटाटोप.

डोळ्यांत मोतीबिंदू असल्यामुळे मी सांगतो आणि आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, खजिनदार श्री. रतन पीटर ओहोळ लिहून घेतात. त्यांच्याबद्दल पुढे बरंच वाईट यायचं आहे. ते त्यांनी न गाळता लिहावं. लिहिलंत? वाचून दाखवा. ठीक.

कलम एक. राहतं घर माझी एकुलती मुलगी तबिथा, स्टाफ नर्स, हिला पूर्ण मालकी हक्काने मिळावं. तिनं ते विकावं, भाड्यानं द्यावं किंवा लग्न करून नवरा आणून ठेवावा. माझी हरकत नाही आणि असलीच तरी ती तेव्हा ऐकू येणार नाही. स्वयंपाकघरामागचा जमिनीचा तुकडा आपला नाही, सिडकोचा आहे. तिथं मी इतकी वर्षं भाजी लावली ती निव्वळ दांडगाईनं. माती खाडीची, खारट. मेथी जळाली, वांगी जळाली, एक भोपळ्याचा वेल तेवढा तग धरून राहिला. मंडळीतली पोरं मला पाठीमागे ‘भोपळेसाहेब’ म्हणतात. ते मला माहीत आहे. का म्हणतात ते खाली येईल.

कलम दोन. माझी हत्यारांची पेटी सोसायटीला द्यावी. पाण्याचा पंप बिघडला की रात्री-अपरात्री माझं दार वाजवायचे आणि दुरुस्त झाला की पंपाचा वॉचमनच जसा काही देव, त्याचे आभार मानायचे. आता पाने आहेत, पंप आहे, करा म्हणावं. बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर मात्र पेटीतून काढून तबिथानं ठेवावा. तिला त्याचा उपयोग नाही, पण माझ्या हातात तो पंचवीस वर्षं होता.

कलम तीन. आमच्या मांडणीवर खालच्या फळीवर एक मोठं जर्मनचं पातेलं आहे. ते आमचं नाही. ते वाशी गावातल्या काशीचं आहे, जी आमच्या दारावरून मासळीची पाटी घेऊन जाते. ते तिला परत द्यावं आणि रिकामं देऊ नये.

याची हकीकत अशी. सन एकोणऐंशीत रबाळ्याच्या ज्या कारखान्यात मी लेथवर होतो, त्याच्या गेटला कुलूप लागलं. लॉकआउट. मी घरी येऊन बायकोला, सगुणाला, म्हणालो, “काळजी करू नकोस. प्रभू पुरवील.”

ती म्हणाली, “पुरवील हो. पण आज रॉकेल संपलंय, तेवढं त्याला आधी सांगा.”

महिने गेले. घरातले डबे रिकामे होत गेले आणि माझा विश्वास फुगत गेला. माझी समजूत अशी, की विश्वास म्हणजे कुणापुढे हात न पसरणं. मंडळीच्या पाळकसाहेबांनी मदतनिधीतून तांदूळ पाठवले, ते मी परत केले. म्हटलं, ज्यांना गरज असेल त्यांना द्या. आत सगुणा मुद्दाम डबा आपटत होती आणि आलेल्या माणसाला तो ऐकू जाऊ नये म्हणून मी मोठमोठ्यानं खोकत होतो. तो बिचारा जाताना म्हणाला, “भाऊ, खोकल्याचं औषध तरी पाठवू का?”

दर रविवारी मी संडेस्कूलच्या पोरांना शिकवायचो, की रानात उपाशी बसलेल्या बायबलातल्या संदेष्ट्याला कावळे भाकर आणून देत आणि तो ती आनंदानं खाई. घरी येऊन मी काशीनं ठेवलेले बोंबील परत पाठवायचो. सगुणानं एकदा तिला ती कावळ्यांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी काशी दारात हजर.

“काय रं योनादादा, मी कावल्याहून वाईट हाय?”

“तसं कुठं म्हटलं, बाई?”

“मंग तुमचा तो साधू कावल्याचं खातंय आन् तुला माझं चालत नाय व्हय?” असं म्हणून तिनं कालवणाचं पातेलं उंबऱ्यात आदळलं आणि गेली. सगुणा आणि तबिथा जेवल्या. मी म्हटलं, माझा उपवास आहे. कसला डोंबलाचा उपवास! वासानं जीव चालला होता. पुढे पातेलं परत न्यायला माझी हिंमत झाली नाही. तीही कधी मागायला आली नाही.

कलम चार. उपासना शाळेच्या वर्गात होते आणि तिथले बाक पोरांच्या मापाचे आहेत, म्हणून मी घरून घडीची लोखंडी खुर्ची नेत असे. पंख्याखाली ठेवत असे. ती खुर्ची, पंख्याखालच्या जागेसकट, श्री. रतन ओहोळ यांना द्यावी. तिचा एक पाय लुळा आहे. ओहोळांनी जपून बसावं किंवा त्यांची मर्जी.

ओहोळ म्हणतात, मला काही नको. लिहा म्हटलं. तुम्हाला काही मिळालं की कायद्यानं तुम्ही साक्षीदार होऊ शकत नाही, तेवढंच मला समाधान.

आता भोपळा. सोसायटीचे सेक्रेटरी श्री. दिलीप गुप्ते साक्षीदार म्हणून समोर बसले आहेत आणि कापणीचा सण म्हणजे काय असं विचारताहेत, म्हणून सांगतो. शेतातलं पहिलं पीक आम्ही देवापुढे आणून ठेवतो. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. गावाकडे पोती येतात, कोंबड्या येतात. वाशीत शेतं कुणाची? इथं कुणी साबणाच्या वड्या आणायचं, कुणी विणलेला स्वेटर. ओहोळबाई केक आणायच्या आणि तो दरवर्षी ओहोळच घ्यायचे, कारण दुसरं कुणी बोली लावत नसे. (ओहोळ थांबले आहेत. लिहा.) लॉकआउटच्या त्या वर्षी माझ्याकडे द्यायला भोपळा होता.

त्याच महिन्यात तबिथाला मिरजेहून नर्सिंगचं बोलावणं आलं होतं. फी महिनाअखेरीच्या आत भरायची, नाहीतर जागा दुसरीला. मी म्हटलं, प्रभू पुरवील. पोरगी रोज उशीखालून तो कागद काढायची, बघायची, परत ठेवायची. मला दिसायचं. मी भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करायचो.

सणाच्या दिवशी पाळकसाहेबांनी भोपळा उचलून धरला. तांबडा, वजनदार, भिंतीला टेकून वाढल्यामुळे एका अंगानं चपटा. ओहोळांनी पहिली बोली लावली ती अशी, की तेवढ्यात बाजारातले पोतंभर भोपळे आले असते. मग दुसऱ्यानं चढवली. मग तिसऱ्यानं. ज्या बायांनी जन्मात लिलावात तोंड उघडलं नव्हतं त्या मागून ओरडायला लागल्या. ओहोळ सारखे माझ्याकडे बघून हसत होते. त्यांचं आजही म्हणणं आहे, की मी धीर द्यायला हसत होतो. ओहोळ, तुमचं हसणं तसं दिसत नाही हो.

मला वाटलं, हे लोक माझी गरिबी मिरवताहेत. दरिद्री माणसाचा भोपळा घेतला म्हणून वर्षभर सांगत फिरतील. माझं डोकं सटकलं. मी उभा राहिलो आणि बोली लावली.

पाळकसाहेब म्हणाले, “योनाभाऊ, तुम्ही बसा.” मी बसलो नाही. ओहोळांनी वाढवली, मी आणखी वाढवली. ते डोळ्यांनी मला खाली बसा, खाली बसा म्हणून खुणावत होते. मला वाटलं, घाबरला. मग ते गप्प झाले आणि मी जिंकलो. माझ्या हातानं लावलेला, मीच देवाला दिलेला भोपळा मीच बोलीत जिंकला. खिशात परतीच्या बसपुरतेही पैसे नव्हते.

बायकांच्या बाजूनं सगुणा उठून आली आणि कानात म्हणाली, “अहो, काय करून बसलात! त्या भोपळ्याचा पैसा तबिथाच्या फीला द्यायचा असं पंचांनी ठरवलं होतं. हातात दिला असता तर तुम्ही घेतला असता का? म्हणून ही युक्ती. ओहोळभाऊंनी सुचवलेली.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही भोपळाच आणला नसता.”

समोर तबिथा बसली होती. ती रडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती आणि ते मला सोसवेना. मी हातात भोपळा घेऊन उभा, गावजत्रेतल्या पैलवानासारखा. इतके महिने मी म्हणत होतो, प्रभू पुरवील, आणि त्यानं पुरवलं होतं. इतक्या माणसांना कामाला लावून अगदी माझ्या पुढ्यात आणून ठेवलं होतं. मध्ये आडवा आलो तो मीच. मला देवाकडून हवं होतं, पण माणसाच्या हातून नको होतं, आणि ओहोळांच्या हातून तर मुळीच नको होतं. पोरीची जागा गेली असती तर मी स्वतःला आजही माफ केलं नसतं.

तबिथा उठली. माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाबा, द्या तो इकडे.” लिलावात घेतलेली वस्तू परत देवाला द्यायची आमच्यात रीत आहे. मग ती पुन्हा लिलावाला लागते. तिनं भोपळा टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “पाळकसाहेब, आमच्या घरातून हा परत देवाला.”

पहिली बोली पुन्हा ओहोळांची. सगुणा बायकांकडे गेलीच नाही. माझ्या शेजारी बसली आणि माझा शर्ट मागून मुठीत धरून ठेवला. लेथवर मी उभ्या उभ्या दोन-दोन पाळ्या काढल्या आहेत, पण त्या दिवशी बसून राहण्याएवढं जड काम मी कधी केलं नाही. प्रत्येक बोलीला मला उठून ‘पुरे’ म्हणावंसं वाटत होतं. शेवटी तोंडात रुमाल कोंबला. लोकांना वाटलं, रडतोय. रडतच होतो.

माझी आधीची बोली त्यात फिटली आणि मिरजेची फीही झाली. भोपळा ओहोळांनी घरी नेला. संध्याकाळी मंडळीतून पुन्हा तांदूळ आले. या वेळी मी दार उघडून दोन्ही हातांनी घेतले. आभार मानायला घसा दोनदा साफ करावा लागला आणि या वेळी त्या माणसानं खोकल्याचं औषध खरंच आणलेलं होतं.

ओहोळ, पाणी प्या. मग पुढचं लिहा.

कलम पाच. मला सगुणाच्या कबरीशेजारी जागा मिळाली तर बरं, नाही मिळाली तर जिथं मिळेल तिथं. ती म्हणेल, सुटले. अंत्यविधीत कुणीही उभं राहून ‘योनाभाऊंचा विश्वास डोंगराएवढा होता’ असं बोलू नये. डोंगराएवढं होतं ते दुसरंच काहीतरी. बाजाची पेटी घरातली वाजवावी आणि गाणं ओहोळ सुरू करणार असतील तर पट्टी दुसऱ्या कुणाकडून घ्यावी.

कलम सहा. माझ्या फंडातलं जे उरलं असेल आणि पोस्टात जे असेल, ते तबिथाला नको आहे असं तिनं मला तोंडावर सांगितलं. तेव्हा ते सगळं मुलींच्या शिक्षणाला लावावं. मुलगी मंडळीतली असो, वाशी गावातली असो की कळंबोलीच्या ट्रकवाल्याची असो. बघणं तबिथानं आणि ओहोळांनी मिळून करावं. मुलीला अर्ज करायला लावू नये. आपण डोळे उघडे ठेवावेत.

आणि मुलीच्या बापाला विचारू नये. तो म्हणेल, आमचं छान चाललंय, आम्हाला कुणाचं नको, देव आहे. म्हणू द्यावं. त्याच्याशी वाद घालू नये, त्याचा राग धरू नये. माणूस वाईट नसतो. आतून घाबरलेला असतो आणि ते दिसू नये म्हणून मान ताठ ठेवतो. त्याला जेवायला बसवावं, वाढत राहावं आणि तेवढ्यात कुणीतरी जाऊन पोरीची फी भरून यावं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे. ओहोळांनी बोट ठेवून दाखवलेल्या जागी सही करतो.

सही : योना लक्ष्मण भिंगारदिवे

आम्हा दोघांच्या देखत त्यांनी सही केली व त्यांच्या देखत आम्ही केली.

साक्षीदार :
१. दिलीप वामन गुप्ते, सेक्रेटरी, सोसायटी
२. रेव्ह. जयप्रकाश वाघचौरे, पाळक

लिहून घेणार : रतन पीटर ओहोळ. सांगितलं तसं लिहिलं. मधे काही वेळा ते थांबले, तेव्हा मीही थांबलो.

स्थळ : वाशी, नवी मुंबई
तारीख : १९ ऑक्टोबर १९८६