तब्येत ठीक, भेटून जा

बाबा,

आज नात निघाली. महिनाभर युरोपात एकटी फिरणार आहे. पाठीवर भलीमोठी बॅग, आणि कुठल्या शहरात किती दिवस राहायचं ते तिथं गेल्यावर ठरवणार म्हणे. भिलाईतल्या जुनवानीच्या या घरात सकाळपासून तिची आई डोळे पुसत फिरत होती आणि बाप, म्हणजे माझा मुलगा, तोंड फुगवून बसला होता. ती मात्र माझ्या पलंगावर येऊन बसली. म्हणाली, "आबा, वो ट्रेनवाली स्टोरी सांगा ना. तुमी रशियात हरवले होते ती." ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलोय. लग्नांत, बारशांत, रिटायर झालो त्या दिवशीच्या समारंभातसुद्धा. लोक हसतात. आज मधेच माझा आवाज बसला. ती पाणी आणायला गेली तेवढ्यात मला कळलं की ही गोष्ट आता मला पुन्हा सांगता येणार नाही. तुम्ही ती कधी ऐकलीच नाहीत. म्हणून लिहितोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे माझ्या लक्षात आहे.

तुम्हाला आठवायला बसलो की तुम्ही कायम पेट्यांच्या मैदानातच दिसता. पोलादाचा कारखाना अजून उभा राहायचाय, नुसते लोखंडाचे सांगाडे आणि लाल धूळ. रशियातून यंत्रं येतायत, घराएवढ्या लाकडी पेट्यांत. भंडाऱ्याकडची धानाची शेती धाकट्या भावाच्या हवाली करून आलेले तुम्ही पहारीनं त्या पेट्या उघडताय. फळ्या एकीकडे, ताडपत्री एकीकडे, खिळे एकीकडे. वाकडे खिळे तुम्ही दगडावर ठोकून सरळ करायचात. खुर्सीपारची आपली झोपडी त्याच फळ्यांची आणि त्याच खिळ्यांची होती. माय भिंती मातीनं लिंपायची, तरी पावसाळ्यानंतर आतली रशियन अक्षरं पुन्हा डोकं वर काढायची. एकदा मी तुमचा डबा घेऊन आलो आणि क्रेनकडे बघत फळ्यांतून चालत सुटलो. तुम्ही सगळ्यांदेखत पाठीत धपाटा घातलात. "खाली पाहून चाल. खिळे हायेत. पाय गेला तं भट्टीवर कोन उभा राहीन, तुया बाप?" तुमचे सोबती हसले. मी मॅट्रिक झालेला, मला ते फार लागलं. चार दिवस तुमच्याशी बोललो नाही.

पुढे भट्टीचं काम शिकायला आमच्या नऊ जणांच्या गटाला वर्षभरासाठी रशियाला पाठवायचं ठरलं. तुम्ही पेटीच्या ताडपत्रीतून दाभणानं मला झोला शिवून दिलात, दोन पट्टे लावून, पाठीवर घ्यायचा. त्याच्यावर मोठी काळी अक्षरं तशीच होती. ती आत घ्या म्हटलं तर म्हणालात, "राहू दे. तिकडचेच अक्षरं हायेत, लोक वळख देतीन." भिलाईच्या पावर हाउस स्टेशनावर अख्खी वस्ती पोचवायला आली होती. सगळे रडत होते, तुम्ही सोडून. तुम्ही खिडकीशी येऊन एवढंच बोललात. "झोला अंगावरून काढू नको. आन कोनी काई म्हनो, गाडी सोडू नको."

आठ महिने मी तुमचं ऐकलं. आम्हाला दुसऱ्या गावचा कारखाना दाखवून परत आणत होते तेव्हाची गोष्ट. तिकडे स्टेशनांवर उकळत्या पाण्याचे नळ असायचे, लोक चहासाठी भांडी घेऊन उतरायचे. एका मोठ्या शहरात गाडी थांबली आणि मी किटली घेऊन उतरलो, झोला पाठीवर. गोष्टीत मी इथं सांगतो की नळाशी रांग होती, वाफेच्या आवाजात शिट्टी ऐकूच आली नाही. बाबा, शिट्टी ऐकू आली होती. दार दोन पावलांवर होतं. आमच्यातला एक जण हात पुढे करून "चल, चल" म्हणत होता. मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो आणि गाडी हलली. लोकांना दिसावं म्हणून मग चार पावलं पळालोसुद्धा.

कावून, असं तुम्ही विचारलं असतं. मलाही नीट सांगता येत नाही. भिलाईत भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की परतायचं, मधे तुमचा शब्द. तिकडे आठ महिने रांगेनं जेवायचं, रांगेनं चालायचं, सकाळ-संध्याकाळ कुणीतरी आमची डोकी मोजायचं. एका दिवसापुरतं मी कुठे आहे हे कुणालाच माहीत नसावं, एवढंच मला हवं होतं.

मी ट्राममध्ये चढलो. ती कुठे जाते ते विचारलं नाही. बर्फ वितळायचे दिवस होते, रस्त्यांवर चिखल, आणि वरून पाणी आणि बर्फ मिळून काहीतरी पडत होतं. तिकिटं देणारी बाई पन्नाशीची असेल. ती माझ्या मागे आली, झोल्यावरची अक्षरं वाचली आणि हसत सुटली. सगळ्या ट्रामला वाचून दाखवली. अख्खी ट्राम हसली. मला रशियन येत होती ती सगळी भट्टीची. उघडा, बंद करा, मागे व्हा, फार गरम आहे. माझं गोंधळलेलं तोंड बघून तिनं वरून पडणाऱ्या पाण्याकडे बोट केलं, मग झोल्याकडे, आणि मान हलवली. तेव्हा उमगलं. भिजू देऊ नका, असं तुम्ही माझ्या पाठीवर लिहून पाठवलं होतं. उतरताना तिनं आपली शाल झोल्यावर टाकली आणि माझ्याबरोबरच उतरली, तिच्या कामाची पाळी संपली होती.

तिनं मला कामगारांच्या खानावळीत नेलं. लाल रंगाचा गरम रस्सा, वर आंबट सायीचा गोळा, काळा पाव. "फार गरम आहे," मी म्हणालो, ती पुन्हा हसली. मग आम्ही नदीवर गेलो. बर्फाचे पत्रे फुटून वाहत होते, माणसं काठावर उभी राहून नुसती बघत होती, कुणालाही घाई नव्हती. ती एकेका गोष्टीचं नाव सांगायची, मी मराठीत सांगायचो. नदी. पूल. कावळा. तिनं खुणेनं विचारलं, झोला कुणी शिवला? बाबांनी, मी म्हणालो, आणि पहारीनं पेटी उघडल्याची खूण केली. तिनं त्या ताडपत्रीवर हात फिरवला. मुलगा लढाईत गेला तिचा, एवढं कळलं. बाकीचं ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिलो. संध्याकाळी मी स्टेशनात जाऊन आपला ओळखीचा कागद दाखवला तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यानं कपाळाला हात लावला आणि सकाळच्या गाडीत मला बसवून दिलं.

गोष्ट मी इथं संपवतो. पुढचं कुणाला सांगत नाही.

दुपारी वसतिगृहात पोचलो. आमचा गटप्रमुख बंगाली इंजिनीअर, भला माणूस. आधी भरपूर रागावला, मग खिशातून तार काढून दिली. आदल्या दिवशीच आली होती. "तुम्हारे पिताजी ठीक हैं," तो म्हणाला, "तुम्हारी याद आ रही होगी उनको." तारेत इंग्रजीत लिहिलं होतं, तब्येत ठीक, एकदा भेटून जा. मी मॉस्कोची गाडी कधी आहे ते विचारलं. त्याला बिचाऱ्याला कळेना. आपल्याकडे ठीक असताना तार कोण करतं, बाबा? आणि रशियातून भेटून जा, जसं काही मी गोंदियाला आहे. आपल्या माणसानं ती एक ओळ वाचली असती तर तिथल्या तिथे कळलं असतं, आणि त्या गटात आपला माणूस मी एकटाच होतो. आदल्या रात्रीच्या गाडीनं मॉस्को गाठलं असतं तर आठवड्याचं एकुलतं विमान मिळालं असतं. मी झोल्यावर शाल घेऊन नदी बघत होतो तेव्हा ती तार त्याच्या खिशात होती. विमान सुटलं होतं. पुढचं सात दिवसांनी.

घरी पोचलो तेव्हा तुम्हाला जाऊन पाच दिवस झाले होते. मामानं दारातच सांगितलं, तार त्यानंच केली होती. "तारबाबूले म्हनलं, बाप मरनाले टेकला असं लिहू नका साहेब. पोरगं परक्या मुलखात एकटं हाय, घाबरून जाईन." खिळा तुमच्या टाचेत घुसला होता. कारखान्यानं दिलेले बूट तुम्ही मला रशियाला जाताना दिलेत आणि तुम्ही टायरच्या चपलांवर पेट्या उघडत राहिलात. वर हळद-तेल लावून चार दिवस कामावर गेलात. मग धनुर्वात. उजेड सोसेना, आवाज सोसेना. दवाखान्यात तुमची खोली अंधारी करून ठेवली होती आणि माय तिथं सहा दिवस बसून होती.

मायनं एकदाच सांगितलं, तव्यावर भाकर टाकता टाकता, माझ्याकडे न बघता. "जबडा बसला होता. दातातल्या दातात इचारे, आला का? मी म्हनो, गाडीत बसला. येऊन राहिला. मंग थोडे शांत होत." भाकर उलटून ती म्हणाली, "तू नव्हता बसला का रे गाडीत?" मी म्हणालो, "बसलो होतो, माय." ती गेली तोवर तिला हेच ठाऊक होतं.

त्यानंतर छत्तीस वर्षं भट्टीवर काढली. घर झालं, मुलं झाली, सगळं जागच्या जागी आहे, आणि मला त्यातलं काही माझं वाटलं नाही. देवळात गेलो, तुमच्या नावानं दरवर्षी जेवण घातलं, लोक म्हणतात बापाचं फार करतो. रोज सकाळी उठतो तेव्हा उठायचं कशाला, हा प्रश्न आधी येतो. डॉक्टर म्हणतो वय झालं. वयाचा काय संबंध, मी तेवीस वर्षांचा असल्यापासून असंच आहे.

नात पाणी घेऊन आली आणि तिनं पुढे काय झालं विचारलं. मी म्हणालो, सकाळी गाडी मिळाली. ती हसली, पाया पडली आणि गेली. हा कागद घडी करून मी पलंगाच्या गादीखाली ठेवीन. कुठे पाठवायचा? पण तुमच्यापाशी एवढं तरी खरं बोलतो. इतकी वर्षं मी त्या दिवसाचा तिरस्कार करायचा प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही. त्या एका दिवशी मी सुखात होतो. तसा मी आधीही नव्हतो आणि नंतरही नाही. तुम्ही अंधारात माझी वाट पाहत होतात हे माहीत असून, ती गाडी पुन्हा माझ्यासमोर उभी केली, तर मी चढेनच असं छातीवर हात ठेवून मला आजही म्हणता येत नाही, बाबा.