गोड न खाणाऱ्या बाईची साखर

आई, तुझ्या आजारावर आता विद्यापीठात संशोधन चाललंय, आणि ते करणाऱ्यांत मी आहे. इथे सोलापुरात आम्ही रक्ताचे नमुने तपासतो. अंगावर मांस नसलेल्या, लहानपणी पोटभर न मिळालेल्या माणसांना मधुमेह का होतो, हा आमचा प्रश्न. तुझ्यापुरतं सांगायचं तर, तुला साखर का झाली, हा.

मंद्रूपच्या माळावर शेळ्यांमागे फिरून तू काडीसारखी झाली होतीस. तहान भागेना म्हणून तुला इथल्याच नवी पेठेतल्या दवाखान्यात नेलं, तो दिवस मला लख्ख आठवतो. मी तेव्हा शाळेत होते. डॉक्टर रिपोर्ट वाचतात आणि वर न बघताच विचारतात, "गोड फार खाता का?" तू पदर सावरतेस. "न्हाय वो, सणासुदीलाच." ते वजन कमी करा, खाणं आवरा, म्हणून सांगतात. सगळ्यांनाच सांगत असावेत. तेव्हा तू हळूच विचारतेस, "आनी किती वाळू, डाक्टर?" त्यांना ते ऐकू गेलं नाही. बाहेर रांग होती.

घरी आत्या म्हणाली, "चोरून गूळ खात असंल." त्यानंतर लग्नाच्या पंगतीत तू सगळ्यांदेखत ताटातली बुंदी बाजूला सारायचीस. दोन भाकरींची एक केलीस, मग अर्धी. गोळ्या चालू होत्या, तरी साखर उतरत नव्हती, आणि लोक तुझ्याच तोंडाकडे संशयाने बघत होते. मी कॉलेजात असताना तू गेलीस. तुला उचलताना काकांना वजन लागलं नाही.

या उन्हाळ्यात नमुने घ्यायला आम्ही मंद्रूपकडच्याच एका वस्तीवर गेलो होतो. तुझ्याच अंगकाठीची एक बाई समोर बसली आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "म्याडम, मी गोड खात न्हाय. लेकराची शपथ घेऊ का?"

मी सुई खाली ठेवली. "शपथ कशाला? तुमचं काय चुकलं न्हाय." इतकी वर्षं शहरात काढूनही आपली बोली आपसूक तोंडात आली.

ती बघतच राहिली. "मग कशानं झालं?"

"तेच हुडकायलोय आमी."

"घावलं की सांगा. सासूला सांगायचंय."

आम्ही दोघी हसलो. आमच्यातल्या डॉक्टरांनी तिला इन्सुलिन सुरू केलं आणि भाकरी कमी करायची नाही म्हणून बजावलं. परवा गेले, तर तिचे गाल जरा भरले होते. शेळ्या सोडायला निघाली होती.

लहानपणच्या उपासमारीने स्वादुपिंड कच्चं राहतं, इन्सुलिनच कमी तयार होतं, असा आमचा अंदाज आहे. काही नमुने तसं म्हणतात, काही म्हणत नाहीत. न म्हणणारे मी पुन्हा पुन्हा तपासायला घेते, हे आमच्या मार्गदर्शक बाईंच्या लक्षात आलं. त्या रागावल्या नाहीत. जवळ स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "उत्तर आधी ठरवून तपासायचं नसतं." बरोबर आहे त्यांचं. मी मान डोलावली आणि आकडे आले तसे नोंदवले. पुढेही तसेच नोंदवीन.

पण एक गोष्ट त्यांना बोलले नाही. तुला सांगते, कारण हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही. नमुन्यांची नवी पेटी उघडताना मी मनातून अजूनही तुझ्याच बाजूची असते.