लंबक घराण्याच्या शेपट्यांबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, घड्याळजींची पत्नी, एका मुलाची आई, व्यवसाय स्पॅनियल जातीची कुत्री वाढवणे व शोच्या रिंगमध्ये नेणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. आधी तो मी आमच्या कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंकडून घेतला होता. त्यांनी तो आनंदाने दिला आणि दात, डोळे व चाल उत्तम असे जास्तीचेही लिहिले. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, माणसांच्या डॉक्टरांचा आणा." तो आणला. त्यात चालीबद्दल चकार शब्द नाही.

यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले रागात केले होते, दुसरे एक कप हरल्यावर. हे तिसरे मी जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहीत आहे, तेव्हा हेच खरे मानावे.

हे लिहिण्याचे कारण म्हणजे "लंबक" हे नाव. ज्यांना आमचे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात प्रत्येक घराण्याचे एक नाव क्लबच्या वहीत नोंदलेले असते आणि त्या घरच्या प्रत्येक पिल्लाच्या नावाआधी ते लागते. दुसऱ्या कोणाला ते वापरता येत नाही. मालकाने मागे कोणाच्या तरी हाती लेखी सोपवले नाही, तर ते त्याच्याबरोबर संपते. लंबकवर तिघांचा डोळा आहे असे लोक म्हणतात. माझा मुलगा म्हणतो, "आई, आता सन्मानानं बंद करूया." ज्यांच्या कुत्र्यांच्या खोल्यांतही गालिचे आहेत ते मोठे ब्रीडर, त्यांना आम्ही घरात गालिचेवालेच म्हणतो, त्यांनी या वर्षात दोनदा फुले पाठवली आणि दोन्ही वेळा चिठ्ठीत लंबकची चौकशी केली. तिसरी माझी सून. तिने आजवर काहीच मागितलेले नाही. निर्णय शेवटच्या कलमात आहे. पाने उलटून आधी तिकडे जाऊ नये. मी तुम्हा सगळ्यांना ओळखून आहे.

कलम पहिले. राहते घर, मागचे अंगण आणि पुढचे घड्याळांचे दुकान मुलाला द्यावे. तो दातांचा डॉक्टर आहे आणि कुत्र्याच्या केसांनी त्याला जन्मापासून शिंका येतात. तरीही शाळेत असताना रोज सकाळी नाकाला रुमाल बांधून त्याने पिंजरे धुतले आणि एकदाही कुरकुर केली नाही. हे मी त्याला तोंडावर कधी बोलले नाही. घर त्याचेच आहे. मात्र अंगणात कुत्री राहतील तोवर ती राहू द्यावीत आणि खिडक्या बंद ठेवाव्यात.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल त्यातून आधी म्हाताऱ्या कुत्र्यांचे औषधपाणी व्हावे. उरेल ते मुलगा व सून यांनी समजुतीने घ्यावे. भांडू नये. भांडायचेच असेल तर माझ्या फोटोसमोर भांडावे, म्हणजे मलाही ऐकू येईल.

कलम तिसरे, हत्यारांबाबत. पितळी कंगवा, लाकडी मुठीचा केस उपटायचा चाकू आणि ट्रिमिंगचे टेबल सुनेला द्यावे. चाकूला धार लावू नये. त्याने केस कापायचे नसतात, मेलेला केस चिमटीत धरून ओढायचा असतो, आणि हे शिकायला तिला चार हिवाळे लागले. विजेवर चालणारे कातरायचे यंत्र गालिचेवाल्यांना द्यावे. ते मला त्यांनीच भेट दिले होते. खोके उघडलेले नाही.

कलम चौथे. हे कलम नसून हकिगत आहे, पण वकीलसाहेबांनी हरकत घेतलेली नाही.

मी पन्नास हंगाम पाहिले. आमच्यात वर्ष कॅलेंडरवर सुरू होत नाही. कुत्र्याने जुना केस टाकून नवा धरला की ते सुरू होते आणि शेवटच्या शोचा तंबू उतरला की संपते. एका हंगामात लांब कानांचे कौतुक असते, दुसऱ्यात चपट्या तोंडाचे, तिसऱ्यात जमिनीवर लोळणाऱ्या केसांचे. आम्ही पांढरे पाय अधिक पांढरे दिसावेत म्हणून खडू चोळला. मग ड्रायर आले आणि तंबूत एकमेकांचे बोलणे ऐकू येईनासे झाले. हल्ली लोक समोरच्या कुत्र्याकडे पाठ करून फोनमधल्या कुत्र्याकडे बघतात. आणि प्रत्येक हंगामात आम्ही सगळे छातीठोकपणे सांगत आलो की जातिवंत कुत्रे असेच असते. मीही सांगितले.

मी सुरुवात केली तेव्हा स्पॅनियलची शेपटी कापायची रीत होती. पिल्लू तीन दिवसांचे झाले की डॉक्टर घरी येत, कात्री उकळून घेत आणि दहा मिनिटांत काम आटोपत. पंधरा वर्षे मीही हेच करून घेतले. आमच्या जातीची शेपटी दिसते कशी, हे मला ठाऊकच नव्हते.

पस्तीस वर्षांपूर्वी एका वेताच्या शेपट्या कापायची वेळ आली. मी पिल्ले मोजून डॉक्टरांसमोर ठेवली. सात भरली. डॉक्टर गेले. संध्याकाळी दूध पाजायला बसले तर आठ. मी पुन्हा मोजली. आठच. आठवीची शेपटी जागच्या जागी होती आणि हलतही होती. पिल्ले मोजायला चुकलेली ब्रीडर म्हणजे आपली मुले मोजायला चुकलेली आई. मी शरमेने कोणाला सांगितले नाही, आणि डॉक्टरांना परत बोलावले तेव्हा ते म्हणाले, "आता उशीर झाला, आता भूल द्यावी लागेल." शेपटीवाली कुत्री कोणी विकत घेईना. ती घरातच राहिली, म्हणून तिचे नाव शिल्लक.

शिल्लक अशी देखणी निघाली की मला राहवेना. मी तिला रिंगमध्ये नेले. पंच होते मिशीवाले. त्यांनी तिचे दात पाहिले, बरगड्या पाहिल्या, चाल पाहिली आणि मान डोलावली. मग हात पाठीवरून मागे गेला. ते ताठ उभे राहिले आणि अख्ख्या तंबूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी शेपटी घरी ठेवून या."

तंबू हसला. आम्ही नवांत नववे आलो. मागच्या रांगेत घड्याळजी बसले होते, ते तेवढे हसले नाहीत. बायकोची बाजू घेत असतील, असे मला वाटले.

पुढे वर्तमानपत्रांनी माझ्या तत्त्वनिष्ठेबद्दल बरेच लिहिले. तत्त्व वगैरे काही नव्हते. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. त्या दिवसापासून मी एकही शेपटी कापू दिली नाही आणि चौदा वर्षे प्रत्येक शोमध्ये शेपटीवाली कुत्री घेऊन शेवटून पहिली येत राहिले. हरता हरता एक गोष्ट मात्र केली. प्रत्येक वेतात शेपटी पाहिली. सरळ, पाठीच्या रेषेत, आनंदात डावीउजवी सारखी हलणारी असेल तेच पिल्लू पुढे ठेवले. घड्याळजींनी एकदा शिल्लककडे बघून म्हटले, "लंबकासारखी चालते गं." त्यावरून घराण्याचे नाव पडले. कुत्र्याच्या शेपटीवर आपल्या भाषेत एक म्हण आहे. ती मला त्या चौदा वर्षांत पुष्कळांनी ऐकवली. ती मी इथे लिहिणार नाही. आमच्या घरातल्या शेपट्या सरळच होत्या.

मग कायदा आला. शेपटी कापायची नाही. दीड वर्षात जिकडे तिकडे शेपटीवाली कुत्री दिसू लागली आणि तेव्हा सगळ्यांना कळले की पिढ्यान् पिढ्या कापल्या जाणाऱ्या शेपटीकडे कोणी कधी पाहिलेलेच नव्हते. हंगामाचा मोठा शो. रिंगमध्ये अकरा स्पॅनियल. एकाची शेपटी आकड्यासारखी, एकाची पाठीवर आडवी पडलेली, एकाची दारात सापडल्यासारखी मध्येच मोडलेली. अकरावी माझी गजर, शिल्लकची पणती. पंच तेच, मिशी आता पांढरी. एकेका कुत्र्याच्या शेपटीपाशी येऊन ते उसासा टाकत होते. माझ्यापाशी आले. गजरच्या पाठीवरून हात शेपटीच्या टोकापर्यंत नेला आणि तिथेच थांबले.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "शेपटी आणलीत, बरं केलंत."

"घरी ठेवायला जागा नव्हती," मी म्हटले.

त्यांनी गजरला जातीत पहिली केली आणि त्याच दुपारी साऱ्या जातींत पहिली. शिल्लक तेव्हा सोळा वर्षांची होती. तिला दिसत नव्हते, पण घड्याळजींच्या मांडीवर शालीत गुंडाळलेली ती, टाळ्या ऐकून शेपटी हलवत होती. माझ्या आयुष्यात याहून मोठा दिवस नाही.

कलम पाचवे. मिशीवाल्या पंचांना मी काहीही देत नाही. साक्षीदाराला काही द्यायचे नसते असे वकीलसाहेबांनी सांगितले आणि मला फार बरे वाटले. त्यांनी फक्त सही करावी. काल शोमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते आणि खुर्चीवर त्यांनी माझ्यासाठी उशी ठेवली होती, हे मी विसरलेले नाही. हिशेब मिटला आहे.

कलम सहावे. क्लबने माझ्या नावाचा जो फिरता कप ठेवला आहे, त्यावर "दूरदृष्टीबद्दल" असे कोरले आहे. तो शब्द खोडावा. कारण सांगते.

सहा वर्षांपूर्वी तो कप जाहीर झाला, त्या दुपारी मी हार गळ्यात तसाच ठेवून दुकानात आले. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून काम करत होते. मान वर न करता म्हणाले, "तुझी मोजणी बरोबर होती."

"कसली मोजणी?"

"त्या दिवशी पेटीत सातच होती. आठवी माझ्या ड्रॉवरमध्ये होती."

त्यांच्या टेबलाच्या त्या ड्रॉवरला घरात कोणी हात लावत नसे. बारीक स्प्रिंगा आणि काटे असत त्यात. मी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

"अहो, पण का?"

"सगळ्यात लहान होती. आणि इथून मला कात्री दिसत होती."

"आणि बाकीची सात?"

"ड्रॉवर एकच होता," ते म्हणाले.

मी विचारले, एकोणतीस वर्षे बोलला का नाहीत? तर म्हणाले, "तू रागाच्या भरात छान चालली होतीस. मध्येच कशाला थांबवायचं?" दोन वर्षांनी ते गेले. मी मात्र कपावरचा शब्द तसाच राहू दिला. त्याची मला लाज वाटते. दूरदृष्टी त्यांची. माझ्यासाठी "हट्टाबद्दल" असे कोरावे. तो मी कमावला आहे.

कलम सातवे व शेवटचे, लंबक या नावाबाबत.

दोन वर्षांपूर्वी आमची चावी नावाची कुत्री माजावर आली. हंगाम गालिचेवाल्यांच्या चॅम्पियनचा होता. केस जमिनीला टेकलेले, डोळ्यांच्या पापण्या लोंबणाऱ्या, आणि पंच त्याच्यावर खूश. मला मरण्याआधी एक मोठा विजय हवा होता. मी सुनेला सांगितले, "चावीला त्याच्याकडेच ने. दुसरीकडे नाही." ती म्हणाली, "आई, त्याचे डोळे बघितलेत का?" मी म्हटले, "मी कप बघते आहे." ती गाडी काढून गेली. दुसऱ्या दिवशी परतली आणि म्हणाली, "झालं, आई."

पाच पिल्ले झाली. डोळे स्वच्छ, पापण्या घट्ट, केस हलका. मला आता बारीक अक्षर दिसत नाही, पण हाड कोणाचे ते हाताला कळते. मी गुपचूप क्लबमधून कागदांची नक्कल मागवली आणि शेजारच्या शिंपिणीकडून वाचून घेतली. बापाच्या जागी गल्लीतल्या बेकरीवाल्यांच्या म्हाताऱ्या तपकिरी स्पॅनियलचे नाव होते. क्लबला तिने खरे कळवले होते. खोटे फक्त माझ्याशी बोलली होती.

मी आठवडाभर धुमसले. मग हंगाम बदलला. त्या चॅम्पियनच्या पिल्लांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि लोंबत्या पापण्यांना गुण देऊ नयेत असे क्लबचे पत्रक निघाले. काल हंगामाच्या शेवटच्या शोमध्ये त्याच पाचांतला ठोका साऱ्या जातींत पहिला आला. पट्टा सुनेच्या हातात होता. ती रडत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आई, तुम्हाला एक सांगायचंय." मी म्हटले, "आधी कुत्र्याला पाणी पाज."

तिला वाटते मला काही ठाऊक नाही. हे वाचले जाईल तेव्हा कळेल. या घरात ही चोरी दुसऱ्यांदा झाली आणि दोन्ही वेळा लंबक त्या चोरीनेच वाचले. मी नुसती जिंकले.

म्हणून लंबक हे नाव, सर्व कुत्री, वंशावळीच्या वह्या आणि कालचा कप मी माझ्या सुनेला देत आहे. गालिचेवाल्यांनी फुले पाठवणे बंद करावे. मुलाने सन्मानाने शिंकावे.

घड्याळजींचे टेबलही तिचेच, त्या ड्रॉवरसकट. स्प्रिंगा आणि काटे मी काल संध्याकाळी काढून डब्यात भरले आहेत व आत फ्लॅनेलचा तुकडा अंथरला आहे. तिने तो ड्रॉवर रिकामा ठेवावा, कुलूप लावू नये, आणि कधी गरज पडली तर मला विचारू नये.

सही: (वळणदार, हात न थरथरता)

साक्षीदार पहिले: मिशीवाले पंच, निवृत्त. मजकूर न वाचता सही केली, असे ते म्हणतात. डोळे पुसत होते, ते का हे त्यांनाच ठाऊक.

साक्षीदार दुसऱ्या: शेजारची शिंपीण, जिला सगळे आधीच माहीत होते.

स्थळ: घड्याळांचे दुकान, ड्रॉवरचे टेबल.

दिनांक: हंगामातल्या शेवटच्या शोच्या दुसऱ्या दिवशी, सोमवार, सकाळी, ठोका पायाशी असताना.