बादलने भरलेली नावं

पुसद
रविवार, २१ ऑक्टोबर २०१२

प्रिय क्षितिज,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. माझ्या घरी सगळं ठीक आहे. आईचे गुडघे दुखतात, बाबा निवृत्त झाले तरी रोज कोर्टाच्या आवारात एक चक्कर मारून येतात. तुझा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. कशाला हवा, असं त्यांनी विचारलं नाही. चहा मात्र घेतल्याशिवाय सोडलं नाही. ई-मेल लिहायला बसले होते, पण तिथे दोन ओळींत कामाचं बोलून मोकळी झाले असते. मला आधी बाकीचं सांगायचंय.

मी अजून ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्येच आहे. शुभदाताईही आहेत, केस पूर्ण पांढरे झालेत, पण वॉर्डात शिरल्या की आवाज तोच. त्यांनी आपल्याला पहिल्यांदा बोलावलं तो दिवस तुला आठवतो का? यवतमाळच्या पॉलिटेक्निकमधून तू, मी आणि बादल नुकते बाहेर पडलो होतो. त्या म्हणाल्या होत्या, "फवारणीचं विष चढलेला माणूस येतो, आणि नातेवाइकांना औषधाचं नाव सांगता येत नाही. लाल डब्याचं, एवढंच म्हणतात. मी उतारा कोणता देऊ?" लोकांच्या तोंडच्या नावावरून औषध ओळखणारा प्रोग्राम तू लिहिलास, मी मशीन उभं केलं, आणि बादलने नावं आणली. त्याच्याशिवाय आपण दोघं काय करणार होतो? तो फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यावरचा, भीमसिंगकाकांचा मुलगा. गोरबोली, वऱ्हाडी, हिंदी, सगळ्यांत बोलणारा. कृषी केंद्रांच्या ओट्यांवर बसून त्याने विचारून आणलं, लोक कोणत्या औषधाला काय म्हणतात. माशीवालं, लसणाच्या वासाचं, वाघाच्या चित्राचं, नाक झोंबणारं. "आमचे बुडे बैलायवर मीठ वाहत होते, मी नावं वाहून राह्यलो," असं म्हणून हसायचा. तो सांगायचा, तू टाइप करायचास, आणि त्याचा उच्चार तू चुकीचा लिहिलास की तुमचं भांडण व्हायचं.

तू नोकरीसाठी परदेशी गेल्यावर तो गावी परतला. काकांचं एक अंग लुळं पडलं, शेती पाहायला दुसरं कोणी नव्हतं. तरी दरवर्षी फवारणी सुरू व्हायच्या आधी तो एक दिवस यायचा आणि बाजारात आलेली नवी नावं भरून जायचा. पुढे कापसाची वर्षं कशी गेली ते तू तिकडे बातम्यांत वाचलं असशील. वाचणं वेगळं आणि बसस्टँडवर ओळखीची माणसं ओळख न दाखवता गाव सोडून जाताना पाहणं वेगळं. अळी आवरेना, म्हणून औषधं वाढली. दरवर्षी नवा डबा, नवं नाव. बादलचं येणं लांबत गेलं. दोन हंगाम तो आलाच नाही. मी फोन केला की म्हणायचा, "येतो ना बाई. एवढं निंदन होऊ दे."

गेल्या वर्षी आपलं ते जुनं मशीन अधूनमधून बंद पडायला लागलं. ट्रस्टला कोणीतरी एक सर्व्हर दान दिला होता, म्हणून प्रोग्राम त्यावर हलवावा असं ठरलं. नागपूरहून आलेल्या इंजिनिअरने पाहिलं आणि सांगितलं की हा प्रोग्राम फेकून द्या. मूळ प्रोग्राम कुणाकडेच उरलेला नाही, फक्त चालणारी फाइल आहे, आणि ती नव्या यंत्रणेवर सुरूच होत नाही. नावं तेवढी बाहेर काढून पाहिली, तर आपल्या त्या जुन्या फाँटमुळे सगळ्या मराठी अक्षरांचा कचरा झाला. पडद्यावर उलटेसुलटे स्वर आणि चौकोन. बादलला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "क्षितिजले इचारतो." त्याने तुला दोनतीनदा फोन केला होता. लागला नाही, की तू उचलला नाहीस, मला माहीत नाही. तो एवढंच म्हणाला, "त्याले टाइम नसन."

मग मी दुसरी वाट धरली. आख्खं आभासी मशीन उभं करण्याइतकी त्या सर्व्हरची ताकद नव्हती, म्हणून त्यात एक बंद कप्पा केला. कंटेनर म्हणतात, तुझ्याकडे तर हे रोजचंच असेल. जुन्या डिस्कवरची २००२ सालची सगळी यंत्रणा, फाँटसकट, प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्यांसकट, जशीच्या तशी त्यात उतरवली. खालचा गाभा नवा, वरचं घरदार जुनं. बरेच दिवस ते सुरू होऊन लगेच कोसळायचं. जुन्या लायब्ररीला नव्या गाभ्याची एक गोष्ट सोसत नव्हती. ती कोणती हे शोधण्यात माझ्या सुट्ट्या गेल्या. आणि एका दुपारी पडद्यावर खिडकी उघडली, तू काढलेली ती बेढब निळी चौकट दिसली, आणि मी "माशी" टाइप केल्यावर "माशीवालं" हा शब्द नीट, पूर्ण, काना-वेलांटीसकट समोर आला. मी एकटीच होते. कुणाला सांगायचं म्हणून बादललाच फोन केला.

यंदा पोळ्याच्या आधी तो आला, बबिताला घेऊन. त्याची बायको, तुझ्या जाण्यानंतरचं लग्न. तू तिला पाहिलेलं नाहीस. तो खुर्ची ओढून बसला, एकेक नाव उघडून बघत राहिला आणि बबिताला गोरबोलीत काहीतरी सांगत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मले वाटलं होतं सारं गेलं. हे तं सारे आपापल्या जागी बसले हायेत." मी म्हटलं, आता दोन वर्षांची राहिलेली नावं भर. तो म्हणाला, सगळी डोक्यात आहेत, पण जनावरं एकटी आहेत, जायला हवं. फवारणी आटोपली की निवांत येऊन बसतो. जेवायलाही थांबला नाही.

सप्टेंबरात कापूस डोक्याएवढा झाला होता. वारा पडलेला, अंगाला शर्ट चिकटणारी ती हवा तुला माहीत आहे. दुपारी मला अपघात विभागातून बोलावणं आलं, कारण नवी मुलगी प्रोग्राम उघडायला घाबरत होती. मी खुर्चीत बसले आणि मग वर पाहिलं. दारात बबिता होती. तिच्यामागे स्ट्रेचरवर तो होता. तोंडातून फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शुभदाताईंनी विचारलं, "काय फवारलं?" बबिता म्हणाली, "दोन डब्यातलं एक करून मारत होते. एक पांढरं, एक पिवळं. दोनी यंदाच आले."

मी पांढरं टाइप केलं, पिवळं टाइप केलं, वास टाइप केला. क्षितिज, प्रोग्राम अगदी बरोबर चालत होता. कुठेही अडकला नाही. नोंद नाही, असं तो मराठीत, शुद्ध अक्षरांत सांगत होता. जी नावं हवी होती ती ज्याच्या डोक्यात होती तो शेजारी पडलेला होता आणि त्याला बोलता येत नव्हतं. मी त्याच्या कानाशी वाकून विचारलंसुद्धा. त्याने डोळे माझ्याकडे वळवले. ओळखलं की नाही, कोण जाणे.

शुभदाताई थांबल्या नाहीत. लक्षणं बघून एका विषाचा उतारा त्यांनी लगेच सुरू केला, आणि तो लागूही पडला. बाहुल्या मोठ्या झाल्या, श्वास मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी त्याने बबिताकडे पाणी मागितलं. आम्हाला वाटलं, वाचला. पण दुसरं जे काही होतं ते आतून चाललेलं होतं, आणि ते काय ते कळायला रिकामा डबा हवा होता. देवसिंग, त्याचा चुलतभाऊ, डबा आणायला शेतात गेला, तर तो कुणी धुऊन पाण्याला नेला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बादल गेला. नाव कळलं असतं तर वाचला असता का, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, "माहीत नाही, भैरवी. मला खोटं बोलता येत नाही." आणि त्या तिथेच बाकावर बसल्या. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तांड्यावर गेले होते. भीमसिंगकाकांना नीट बोलता येत नाही. चांगला हात पांघरुणावर फिरवत "मार छोरा, मार छोरा", माझा पोरगा, एवढंच म्हणत होते. मला निघताना रडू आलं ते त्या हाताकडे पाहून. हॉस्पिटलात आलं नव्हतं.

हे सगळं तुझ्या आईकडून तुला कळलं असणार. ते कळवायला मी हे लिहीत नाही, आणि फोन का उचलला नाहीस ते विचारायलाही नाही. दिवस झाल्यावर बबिता हॉस्पिटलमध्ये आली. कपाळ मोकळं, हातात पिशवी, पिशवीत तांड्यातल्या घराघरांतून गोळा केलेले रिकामे डबे. म्हणाली, "त्याइनं नाई भरले, मी भरतो. कसं भरतेत ते सांगा." आता ती दर बुधवारी येते. एका बोटाने टाइप करते, पण चुकत नाही. अडचण अशी की आपल्या प्रोग्राममध्ये एका रोग्याला एकच औषध लिहिता येतं. तेव्हा कुणी दोन एकत्र करत नव्हतं. आता सगळे करतात. जुनं घर मी कप्प्यात घालून जिवंत ठेवू शकले, पण त्याच्या भिंती मला हलवता येत नाहीत. प्रोग्राम नव्याने लिहायला हवा, युनिकोडमध्ये, मिश्रणांसकट, आणि पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत. ते काम तुझं आहे. माझ्यासाठी ये असं मी म्हणणार नाही. तो हक्क मी कधीच सोडून दिला. तिथूनच लिहून दिलास तरी चालेल, जमलं तर महिनाभर येऊन जा. येणार नसशील तर तसं स्पष्ट कळव, मी राग धरणार नाही, दुसरं कुणी शोधीन. मी नागपूरच्या एकाशी बोलणारही होते. बबितानेच थांबवलं. ती म्हणाली, "अगुदर त्याइच्या दोस्ताले इचारा." म्हणून विचारते आहे.

तुझीच (हात आपोआप लिहून गेला, राहू दे),
भैरवी