परत आणलेले प्रस्थान

राजश्री महिपतराव यांस,

ठाण्याहून हरिहराचा नमस्कार. (हात जोडले आहेत, मन जोडलेले नाही, हे ध्यानात असावे.) आपल्या मातोश्रींच्या गुडघ्यांस तिळाच्या तेलाने उतार पडला असेल, मुलांचा खोकला गेला असेल, म्हैस दूध देत असेल. सर्वांचे उत्तम चालो. माझे विचाराल तर ओटीबाहेर पाऊल न टाकता मी काशीयात्रा करून सुखरूप घरी परत आलो आहे, आणि ही सर्व आपली कृपा आहे.

आपण माझे सख्खे मेहुणे, तेव्हा माझे वेड आपणांस ठाऊक आहेच. शाळेत हिंदुस्थानचा नकाशा प्रथम पाहिला, त्या दिवसापासून माझे चित्त ठाण्यात नाही. पुढे कचेरीत चिकटलो, तसलाच एक नकाशा विकत आणून देवघराशेजारी लाविला आणि रोज संध्या झाली की त्यावर बोट ठेवून इगतपुरी, भुसावळ, इटारशी, जबलपूर अशा मजला मारू लागलो. (बोटास आजवर कोठेही मुहूर्त लागला नाही.) पायांनी मात्र मी जन्मात कल्याणापलीकडे गेलेलो नाही, आणि कल्याणास गेलो तोही सासुरवाडी म्हणून. तोच मुंब्र्याचा बोगदा आणि तीच डोंबिवलीची भातखाचरे पाहून माझे डोळे किटले. मला जबलपुराजवळ नर्मदेचा धबधबा आहे तो पाहावयाचा आहे. हरिद्वारास उभे राहून लांबचे बर्फाचे डोंगर पाहावयाचे आहेत. पण असे बोलून दाखविले की जो तो विचारतो, तेथे देव कोणता? नुसते पाहावयास जातो म्हटले की लोक कपाळास हात लावून ताप आहे का ते बघतात. आमच्या बायजाआत्या तर म्हणाल्या, नर्मदा रोज स्नानाच्या वेळी मंत्र म्हणून तांब्यात बोलावतोस, ती बिचारी येते, मग तिच्या घरी जाऊन तिला त्रास कशाला?

म्हणून शेवटी मी काशीस जातो असे जाहीर केले. (जबलपूर वाटेवरच आहे, तेथे एक दिवस उतरलो तर विश्वेश्वर काही रागावणार नाही.) त्याबरोबर सारे जग अनुकूल झाले. साहेबाने एक महिन्याची रजा दिली. हा साहेब पुढल्या महिन्यात विलायतेस जाणार, आणि येणारा नवा साहेब बायको मेली तरी अर्धा दिवस सोडीत नाही अशी त्याची ख्याती पुढे येऊन पोहोचली आहे. म्हणजे आता गेलो तर गेलो, नाही तर सरणावरच. जोशीबुवांनी बुधवारचा मुहूर्त काढला. त्या दिवशी मला निघता येईना, म्हणून रीतीप्रमाणे प्रस्थान ठेवण्याचे ठरले, म्हणजे माझे धोतर, सुपारी, हळकुंड आणि खोबऱ्याचा तुकडा एका बोचक्यात बांधून मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी ठेवावयाचे. बोचके निघाले की माणूस निघाला. मग सावकाश आठवड्याच्या आत मागून जावे आणि वाटेत ते उचलून पुढे चालू लागावे. लोक शेजारी ठेवतात. मी विश्राम शिपायाबरोबर थेट कल्याणास आपल्या घरी पाठविले. म्हटले, वाटेवरचे घर, आपले माणूस, शहाणे माणूस! तेथेच माझी मती फिरली.

आणि रविवारी सकाळी आपण काय केलेत? मी ओटीवर ट्रंकेला कुलूप लावून पाहत होतो, तो आपण छत्री आणि माझे बोचके घेऊन हसत हसत दारात उभे! म्हणे, भावोजी, आमच्याकडे उंदीर फार झालेत, खोबऱ्याच्या वासाने कुरतडतील, म्हणून मुद्दाम गाडीने आणून पोचवले. अहो, कुरतडू द्यायचे होते! धोतर खाल्ले असते तर मी उघडा काशीस गेलो असतो! आपल्या भगिनीने ते बोचके पाहिले मात्र, आणि तिच्या हातातले सूप खाली पडले. आत्या धावत आल्या. त्यांनी बोचक्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पायांवर पाणी घालावयाचे, तर बोचक्यास पाय नाहीत, म्हणून गाठीवर घातले. आणि "बाई गं, पोरगा सुखरूप आला हो!" म्हणून डोळ्यांस पदर लाविला. पोरगा शेजारी ट्रंकेवर बसला होता, त्याच्याकडे कोणी पाहिलेही नाही.

हे येथेच थांबते तर मी गिळले असते. दुपारी शेजारच्या हौसाबाई वाटी घेऊन गंगोदक मागावयास आल्या. नाही म्हटले तर, "एवढी काशी केलीत, पण मन मोठं झालं नाही हो," म्हणून गेल्या. आत्यांनी यात्रेहून आल्याचे मावंदे घातलेच पाहिजे असा धोशा लाविला आहे, आणि भटजी लाडवांचे विचारून गेले. जोशीबुवांकडे धावलो, तर ते पंचांग मिटून म्हणतात, एकदा परत आलात, आता नवा मुहूर्त पाहिजे, आणि परवापासून शुक्राचा अस्त आहे, दोन महिने विचारू नका. दोन महिने! शुक्र उगवेल तेव्हा माझा साहेब विलायतेत चहा पीत असेल. महिपतराव, चोराने लुटले असते तर फिर्याद केली असती. आपण तर प्रेमाने बुडविलेत, याची फिर्याद कोणत्या कोर्टात करू? यापुढे आपले तोंड मला दाखवू नये. दिवाळसणाची पगडी मी खुंटीस उलटी टांगली आहे.

अधिक लिहिण्याजोगे पुष्कळ आहे, पण ते ब्राह्मणाने लिहू नये असे आहे. वडिलांस साष्टांग नमस्कार, मुलांस आशीर्वाद, उंदरांस शाबासकी.

आपला (होतो) हरिहर

ता. क. पत्र बंद करण्यापूर्वी उंदरांनी काय शिल्लक ठेवले म्हणून बोचके सोडले. धोतर धड आहे. पण त्याच्या घडीत एक हिरवा खण निघाला, आणि खणात दुसरी सुपारी व दुसरे हळकुंड. मी ठेवलेले नाही. आपल्या भगिनीस विचारले, तर आधी चुलीत फुंकर घालीत बसली. मग म्हणाली, "इकडून काशीला जायचं होतं. मला कोण नेतंय? म्हटलं, मी नाही तर माझा खण तरी गंगा पाहून येईल." ऐकलेत? पंधरा वर्षे एका नकाशाखाली जेवतो आहोत, आणि ही बाई एका शब्दाने बोलली नाही! मी इतका संतापलो की माझ्याने जेववेना. खण पाठवितात, वा! बाईमाणूस जिवंत असताना खण यात्रेस पाठवितात!

ता. क. दुसरा. विश्रामाबरोबर दोन बोचकी पाठविली आहेत, एक माझे, एक तिचे. शिंक्यात टांगावीत. घरास आग लागली तरी परत आणू नयेत. गुरुवारच्या गाडीने निघतो. शुक्राने खुशाल अस्तास जावे, आम्ही त्याच्याकडे उतरणार नाही. कल्याण स्टेशनावर बोचकी घेऊन उभे राहावे व खिडकीतून द्यावीत. (म्हणजे तोंड दाखवावे लागेल, एक वेळ चालेल.) परतताना त्याच गाडीतून उतरलेल्या बायजाआत्यांस घरी न्यावे आणि महिनाभर सांभाळावे. त्यांस आपल्या मातोश्रींचे गुडघे पाहावयास जायचे आहे एवढेच सांगितले आहे.

आपल्या भगिनीस आत्ताच सांगितले. आधी जबलपुरास उतरू, तेथे एक धबधबा आहे, म्हणालो. तेथे देव कोणता, असे तिने विचारले नाही. पाणी किती उंचावरून पडते, एवढेच विचारले. आणि इतकी वर्षे नकाशा पाहून ते मला ठाऊक नव्हते.